ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या धाकट्या मुलीचं लग्न गेल्या मार्गशीर्षात झालं. जावई न्यू जर्सीत नोकरीला आहेत. त्यांना ग्रीन कार्ड, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी, मिळून साडेचार वर्षं झाली. मुलीसाठी त्यांनी अर्ज भरलाय, त्याची पावतीही दोन महिन्यांपूर्वी आली. मुलगी सध्या आमच्याकडेच आहे. आता मुंबईचे एक गृहस्थ सांगतात, "अमेरिकेतला आमचा वकील लावा, चार लाख होतील, पण सहा महिन्यांत मुलगी विमानात बसेल." आमचे हे म्हणतात, पुढच्या दोन हंगामांचा बागेचा करार आत्ताच करून पैसे उचलू. वकील लावला की व्हिसा खरंच लवकर होतो का? मुलगी रोज रात्री फोन घेऊन पडवीत बसते. बघवत नाही हो.
— एक आई, गुहागर तालुका

उत्तर : वहिनी, बागेचा करार करू नका. निदान या कामासाठी तरी नको.

मी वकील नाही, हे आधीच सांगते. चिपळुणात अठ्ठावीस वर्षं मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं करते. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, सात-बारा, वारस नोंदी. त्यातले बरेचसे कागद व्हिसासाठीच जातात. आणि माझी स्वतःची मुलगी याच वाटेने गेली, तेव्हा पडवीतला तो फोन मला चांगला माहीत आहे.

तुमच्या जावयांकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. सगळं इथेच अडलंय. अमेरिकन नागरिकाच्या बायकोला व्हिसाच्या संख्येची मर्यादा नाही. अर्ज मंजूर झाला, कागद पूर्ण झाले की मुलाखतीचा नंबर लागतो. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला मात्र वर्षाला ठरावीकच व्हिसे असतात. त्या वर्गाला एफ-टू-ए म्हणतात. अर्ज ज्या दिवशी तिकडे दाखल झाला, ती तारीख म्हणजे रांगेतली तुमची जागा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढतं आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांना व्हिसा मिळेल ते त्यात छापतं. २०२५ च्या उन्हाळ्यात या रांगेत २०२२ च्या आसपासच्या तारखा चालू होत्या. ही तारीख कुठलाही वकील पुढे सरकवू शकत नाही. चार लाख घेणारा नाही आणि चाळीस लाख घेणाराही नाही.

जादा पैसे भरून निकाल लवकर घ्यायची सोय अमेरिकेत आहे, पण ती काही नोकरीच्या अर्जांना. जावयांनी भरलेला अर्ज आय-१३०. त्याला ती सोयच नाही. घरात गंभीर आजारपण वगैरे असेल तर तातडीची विनंती करता येते. तिला फी नाही, ती जावई स्वतः करू शकतात. पण रांगेत नंबरच आलेला नसेल, तर तिनेही व्हिसा हातात पडत नाही. त्या गृहस्थांना विचारा, सहा महिने कशाच्या जोरावर? ते म्हणतील, आमची वांद्र्याच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये ओळख आहे. असं म्हणाले की पुढे काही बोलूच नका.

आता खरोखर लवकर होण्याचा रस्ता सांगते. तो तुमच्या पत्रातच आहे. ग्रीन कार्डाला साडेचार वर्षं झाली म्हणालात. पाच वर्षं पूर्ण झाली की नागरिकत्व मागता येतं, आणि तो अर्ज पाच वर्षांच्या नव्वद दिवस आधी भरता येतो. म्हणजे साधारण तीन महिन्यांनी. या पाच वर्षांतले निम्मे दिवस तरी ते तिकडे राहिलेले हवेत, आणि एका दमात सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेले नकोत. लग्नासाठी इकडे आले तेव्हा किती दिवस राहिले, ते पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजायला सांगा. नागरिकत्वाची शपथ झाली की त्या दाखल्याची प्रत लावून कळवायचं. मग तुमच्या मुलीचा तोच अर्ज, नवा न भरता, मर्यादा नसलेल्या वर्गात जातो. माझ्या माहितीतल्या तीन घरांत असंच झालं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मधल्या काळात बाळ झालं, तर जुन्या वर्गात ते आईच्या अर्जावर जाऊ शकतं, नव्या वर्गात त्याचा वेगळा अर्ज लागतो. हे वेळेवर कुणी सांगत नाही आणि मग आई पुढे, बाळ मागे अशी वेळ येते.

तर मग वकिलाचा उपयोग काय? आहे. पण तो घाईसाठी नाही, आणि तो कधी कमी पडतो ते माझ्या घरचंच सांगते.

माझ्या मुलीचं लग्न डिसेंबर २०१८ मध्ये झालं. जावई अमेरिकन नागरिक, म्हणजे रांगेचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तिकडचा वकील लावला. माणूस सरळ होता, काम नीटनेटकं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये अर्ज गेला आणि ऑक्टोबरात तिकडच्या इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं : पासपोर्टवरची बाई आणि लग्नाच्या दाखल्यावरची बाई एकच आहे, याचा पुरावा द्या.

झालं होतं काय, लग्नानंतर व्याह्यांच्या घरी गृहप्रवेश झाला. देवासमोर पाट मांडला, पितळेच्या ताटात तांदूळ पसरले आणि जावयांनी सोन्याच्या अंगठीने त्यात मुलीचं नवं नाव काढलं. दोनच अक्षरं. मी बाजूलाच उभी होते. अंगठी जड होती, पहिल्या अक्षराचा काना काढताना तांदूळ घसरून आत आले, तेव्हा विहीणबाईंनी बोटाने ते बाजूला केले. फार सुरेख क्षण होता तो. आठ दिवसांनी ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करायला गेलो आणि सासऱ्यांनी कौतुकाने तेच दोन अक्षरांचं नाव वधूच्या रकान्यात सांगितलं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, दहावीची सनद माहेरच्या नावाची. अर्जात ‘यापूर्वी वापरलेली इतर नावं’ असा चक्क रकाना आहे. तो वकिलाने कोरा सोडला, कारण त्याला कुणी सांगितलंच नाही. पंचवीस वर्षं एका नावाने वाढलेली मुलगी सासरच्या उंबऱ्यात दुसऱ्या नावाची होते, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. आणि माझं कामच कागद वाचण्याचं, तरी मी तो दाखला नीट वाचला नाही, कारण तो घरचा होता.

त्यात ते पत्र वकिलाच्या कार्यालयात पडून राहिलं. अशा पत्राला उत्तर द्यायला जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात. त्यातले सात गेल्यावर आम्हाला कळलं. मी गुहागरच्या एसटीने गावात गेले, ग्रामसेवकांनी रजिस्टर काढलं, अर्ज घेऊन दोन्ही नावांचा दाखला दिला. लग्नाची पत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, गावातल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, सगळं जोडून पाठवलं. मंजुरी आली, पण तोवर २०२० उजाडलं होतं. कागद गोळा होईपर्यंत मार्च आला आणि कॉन्सुलेटची नेहमीची व्हिसाची कामं बंद झाली. ते सात आठवडे हाताशी असते तर मुलगी त्याआधी गेली असती की नाही, हे मी आजही मोजत बसते.

पुढे २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आलं. आमची कागदांची ट्रंक खालच्या खोलीत होती. तिसऱ्या दिवशी चिखल काढून उघडली तर लग्नाचा मूळ दाखला लगद्यासारखा हाताला लागला. पुन्हा त्याच ग्रामपंचायतीत गेले. गाव डोंगरावर, रजिस्टर कोरडं होतं. मुलाखत ऑक्टोबरात झाली. खिडकीसमोर मुलगी एकटी उभी होती. साहेबांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, तुमची दोन नावं कशी? तिने तांदळाचं सांगितलं.

म्हणून म्हणते वहिनी, आजच रात्री पासपोर्ट, लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला आणि शाळेचा दाखला असे चार कागद जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा. नाव, मधलं नाव, आडनाव, जन्मतारीख, गावाचं स्पेलिंग बोट ठेवून वाचा. जिथे फरक असेल तिथे पेन्सिलीने खूण करा. नाव बदललं असेल तर ते ‘इतर नावां’च्या रकान्यात सांगितलंय का, ते जावयांना विचारा. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही, तेव्हा अजून पासपोर्ट बदलला नसेल तर व्हिसा होईपर्यंत राहू द्या. भाषांतर पूर्ण हवं, शिक्क्यावरच्या मजकुरासकट. खाली भाषांतरकाराने ‘भाषांतर पूर्ण व बरोबर आहे, मला दोन्ही भाषा येतात’ असं लिहून सही करायची. नोटरीचा आग्रह तिकडचं खातं धरत नाही. मुलगी सोळाव्या वर्षानंतर कुठे परदेशात वर्षभर राहिली असेल, मस्कत म्हणा, कुवेत म्हणा, तर तिथल्या पोलिसांचाही दाखला लागतो. तो यायला कधी कधी फार वेळ जातो. आपला इथला पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयातून घ्यायचा, पण आत्ता नको. तो दोन वर्षंच चालतो.

वकील कधी लावायचाच, तेही सांगते. आधी कुठला व्हिसा नाकारला गेला असेल, कुणी पूर्वी अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहिलं असेल, पोलीस केस असेल, पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचे कागद अर्धवट असतील किंवा ‘बायकोचा खर्च मी उचलीन’ अशा हमीपत्राला जावयांचा पगार पुरत नसेल, तर चांगला वकील हवाच. तिथे त्याची फी वसूल होते. हमीपत्राला कुटुंबाच्या आकाराप्रमाणे ठरलेल्या तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न लागतं. ते कमी पडलं तर दुसरा जामीनदार उभा करता येतो. वकील जावयांनीच तिकडे शोधावा. व्हिसाचा कायदा तिथे सगळ्या देशाला एकच आहे, त्यामुळे कुठल्याही राज्याची सनद असलेला वकील चालतो, आणि ती सनद खरी आहे का ते त्या राज्याच्या वकील संघटनेकडे तपासता येतं. मुंबईतला ‘कन्सल्टंट’ हा वकील नव्हे. कोऱ्या फॉर्मवर सही तर मुळीच देऊ नका. आणि वकील लावलाच, तर आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी जावयांना पाठवायचं, हे त्याच्याकडून लिहून घ्या.

ते गृहस्थ उद्या कदाचित असंही सुचवतील की मुलीला टुरिस्ट व्हिसावर पाठवा, मग तिकडेच राहू दे. ऐकू नका. राहायचा बेत लपवून फिरायचा व्हिसा घेतला हे उघड झालं, तर जन्माची बंदी लागू शकते. वर्षभराहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर दहा वर्षं परत जाता येत नाही.

मुलीला माझ्याकडून सांगा, पडवीत बसायला हरकत नाही, पण हातात कागद घेऊन बस.

प्रश्न : माझी थोरली बहीण अमेरिकन नागरिक आहे. तिने २००९ मध्ये माझ्यासाठी अर्ज केला, तो मंजूर आहे. मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. वकील लावून नंबर अलीकडे आणता येईल का?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : नाही, भाऊ. भावंडांची रांग सगळ्यांत लांब. भारतातल्या अर्जदारांसाठी २०२५ मध्ये ती २००६ सालातल्या तारखांवरच होती. तुमचा नंबर यायला अजून वर्षं आहेत. पण एका कामासाठी वकिलाचा एक तास जरूर विकत घ्या : मुलीचं वय. एकवीस वर्षं झाली की ती तुमच्या अर्जातून गळते. मात्र अर्ज मंजूर व्हायला जेवढे दिवस लागले, तेवढे तिच्या वयातून वजा होतात. नंबर येईल त्या सुमाराला ती या हिशेबात बसेल की नाही, हे आत्ताच कळलं तर तिच्या शिक्षणाचं तुम्हाला मोकळेपणाने ठरवता येईल. अमेरिकेच्या भरवशावर मुलीला इंजिनिअरिंगला न घालता थांबवून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

आणि बहिणीला आज फोन करून विचारा, २००९ नंतर तिने घर बदललं का? नंबर आल्याची सूचना अर्जावरच्या पत्त्यावर जाते. सूचना मिळाल्यापासून वर्षभर कुणी काहीच केलं नाही, तर अर्ज रद्द होऊ शकतो. पत्ता बदलायला पैसे पडत नाहीत.