जुन्या एफएस५ ला बाहेरचा रेकॉर्डर लावला की चित्र दहा बिटाचं होतं का?

तुम्ही परभणीहून विचारलंय की सेकंडहँड सोनी एफएस५ व्हिडिओ कॅमेरा घेतलाय, दुकानदार म्हणतो पाच इंची एचडीएमआय रेकॉर्डर लावा म्हणजे फोर-के दहा बिटात मिळेल, तर तो घ्यावा की तेच पैसे लेन्सला घालावेत.

दुकानदार चुकीचं सांगतोय. एफएस५ च्या एचडीएमआयमधून जे फोर-के बाहेर पडतं ते आठ बिटाचंच असतं (बिट जितके जास्त तितक्या रंगाच्या छटा जास्त). कार्डावर ४:२:० लिहिलं जातं, बाहेर ४:२:२ मिळतं, म्हणजे रंगाची माहिती जास्त, आणि प्रोरेससारखा दणकट कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) हाती येतो. फायदा एवढाच. रेकॉर्डरला दहा बिट लिहिता येतात म्हणून कॅमेऱ्यानं पाठवलीच नाही ती छटा त्यात येणार कुठून? खरा फरक हवा असेल तर एसडीआय या दुसऱ्या पोर्टमधून निघणारं बारा बिटाचं रॉ, म्हणजे सेन्सरचा जवळपास कच्चा सिग्नल, घ्यावं लागतं. साध्या एफएस५ ला त्याचं अपग्रेड वेगळे पैसे मोजून घ्यावं लागायचं, २०१८ च्या एफएस५ मार्क टूमध्ये ते आधीपासून आहे. तुमच्या बॉडीच्या मालकानं ते घेतलं होतं का, मेनूत रॉ आउटपुटचा पर्याय उघडतो का, हे आधी बघा. नसेल उघडत तर रेकॉर्डरचा विचार तिथंच थांबवा.

एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं, पण या विषयावर आमच्या घरात जे रामायण झालंय ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अंबाजोगाईत माझा आणि दाजींचा मिळून स्टुडिओ आहे. लग्न, जावळ, साखरपुडा, प्रचारसभा, जे येईल ते करतो. हिशोब दाजी बघतात आणि चोख बघतात, त्यात वाद नाही. मी एका लग्नसराईची बचत जुन्या ॲटमॉस शोगन इन्फर्नो रेकॉर्डरमध्ये घातली तेव्हा दाजी म्हणाले, "कॅमेऱ्यात कार्ड हाय की. मग ह्यो डबा कामून?" त्यांचं म्हणणं असं की बाहेरचा रेकॉर्डर म्हणजे गिऱ्हाइकापुढं कॅमेरा मोठा दिसावा म्हणून केलेला देखावा. मी गच्चीवरून मुकुंदराजाच्या डोंगराकडचं संध्याकाळचं आभाळ दोनदा घेतलं, एकदा कार्डावर आणि एकदा रॉ काढून रेकॉर्डरवर. दोन्ही एस-लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग करायला सोयीच्या फिक्या चित्रात. टीव्हीवर लावून रंग जरा उचलला की कार्डातल्या आभाळात जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे उमटत होते. आठ बिटात प्रत्येक रंगाच्या छटा २५६. लॉगमध्ये उन्हापासून काळोखापर्यंत सगळं त्यातच बसवायचं असतं, मग मावळतीच्या एवढ्याशा फिक्या भागाच्या वाट्याला छटा येणार किती? दाजींनी दोन्ही बघितलं आणि म्हणाले, "गिऱ्हाईक आभाळ बघतंय व्हय? नवरी बघतंय."

लग्नापुरतं ते बरोबर आहे. लग्नात मी आजही रेकॉर्डर काढत नाही.

पण नंतर केज तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे आली. तिचे आईबाप कोयत्यावर जायचे. आता ती शिकून ऊसतोडीवर माहितीपट करत होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा झाला की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जायला निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तिला गाव सोडण्याची सकाळ हवी होती. झुंजुमुंजु असताना सामान चढवायला सुरुवात होते आणि ऊन पडेपर्यंत ट्रक गेलेला असतो. मुकादम कुणासाठी थांबत नाही, कॅमेऱ्यासाठी तर नाहीच. "पुन्हा एकदा चढा" असं त्या माणसांना सांगायचं नाही, ही तिची अट होती आणि मला ती शंभर टक्के पटली.

अशा ठिकाणी एफएस५ ची दोन दुखणी एकदम वर येतात. एक म्हणजे ते आभाळ. काळपट निळ्यापासून केशरीपर्यंत हळूहळू जाणारं, म्हणजे पट्टे पडायला आयतं रान. दुसरं म्हणजे धूळ. कार्डावर फोर-के सेकंदाला १०० मेगाबिटात जातं, तेही लाँग-गॉप. प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिली जात नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच बहुतेक वेळा लिहिलं जातं. खुर्चीत बसून मुलाखत देणाऱ्या माणसाला ते भरपूर झालं. पण ट्रक सुरू झाला, पाचट आणि माती उडाली, मागून हेडलाइट आला की अख्खी फ्रेमच क्षणाक्षणाला बदलते. मग तेवढे बिट पुरत नाहीत आणि धुळीचे चौकोनी ठोकळे होतात. प्रोरेस ४२२ एचक्यू २५ फ्रेमला सुमारे ७३७ मेगाबिट घेतं आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवतं. धूळ धुळीसारखी दिसते.

म्हणून कॅमेऱ्यातून रॉ काढलं आणि इन्फर्नोतच प्रोरेस करून घेतलं. सात इंची, १५०० निटचा (निट हे उजेडाचं माप) पडदा. लख्ख उजाडल्यावरही डोक्यावर काळं फडकं घ्यावं लागलं नाही, ती मुलगी शेजारी उभी राहून प्रत्येक फ्रेम बघत होती. आणि तिथं जमलेली माणसंही बघत होती. एक बाई सामान चढवता चढवता पडद्यापाशी आली, पदर सारखा केला, थोडा वेळ बघितलं आणि ट्रककडे तोंड करून नवऱ्याला ओरडली, "आवो, त्यो निळा ड्रम बाजूला घ्या. मायनं शिवलेली वाकळ झाकली!" नवऱ्यानं ड्रम सरकवला. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, धडप्यात गुंडाळलेले कोयते, आणि वर ती लाल-हिरव्या ठिगळांची वाकळ. माहितीपटातला सगळ्यात चांगला शॉट त्या बाईनं लावून दिलेला आहे. कॅमेऱ्याच्या साडेतीन इंची पडद्यावर तिला स्वतःची वाकळ दिसली असती का, हे मी दाजींना आजही विचारतो.

त्याच शॉटमध्ये एक शेळी चढवताना बिथरली आणि थेट केबलवरून गेली. पाय अडकून रेकॉर्डर आर्मसकट फिरला. पण बीएनसी, म्हणजे एसडीआय केबलचा प्लग, फिरवून लॉक केलेला असतो, सिग्नल तुटला नाही. शॉटमध्ये फक्त एक हिसका आहे, एडिटरनं तो तसाच ठेवला. साधी एचडीएमआय असती तर पिन निघून तिथंच रेकॉर्डिंग बंद पडलं असतं, आणि ट्रक तर चालला होता. एचडीएमआयवाला रेकॉर्डर घेणार असाल तर केबल क्लॅम्पशिवाय घराबाहेर पडू नका.

पुण्यात रंगाचं काम झालं तेव्हा मी जाऊन बसलो होतो. ते आभाळ हवं तसं ओढून बघितलं, पट्टा कुठंच फुटला नाही. गावातल्या शाळेत प्रोजेक्टरवर दाखवलं तेव्हा ट्रक वळतो तो शॉट लोकांनी पुन्हा लावायला लावला. दाजीही आले होते. घरी येताना म्हणाले, "गोष्टच चांगली हाय, कुठल्याबी कॅमेऱ्यात चालली असती." मला हे मान्य नाही आणि कधी होणारही नाही. ज्या माणसांकडे आयुष्यात कुणी नीट बघितलं नाही, त्यांच्या तोंडावर तरी ठोकळे पडू नयेत. कमी पैशात काम करायचं म्हणजे त्यांचं चित्रही कमी प्रतीचं चालेल, हा विचार मराठवाड्यातल्या निम्म्या स्टुडिओंचा आहे आणि तो मला संतापजनक वाटतो.

आता तुमच्याकडे वळतो. रॉ उघडत असेल आणि माहितीपट, शॉर्टफिल्म असं काम असेल, तर सोनीचं एफएस रॉ ओळखणारा एसडीआयवाला रेकॉर्डर जुन्यात शोधा. मूळ निंजा व्हीला नुसतं एचडीएमआय आहे, तो या कामाचा नाही. फक्त लग्नं करत असाल तर लेन्स घ्या.

रेकॉर्डर घेतलात तर डिस्कचा खर्च आधी धरा. यूएचडी म्हणजे फोर-के, प्रोरेस एचक्यू, २५ फ्रेमला तासाला साधारण ३३२ जीबी जातात. एक टीबीच्या एसएसडीत जेमतेम तीन तास, आणि घरी आल्यावर दोन ठिकाणी कॉपी करायची ती वेगळीच. साधं प्रोरेस ४२२ घेतलं तर २२१ जीबी, आणि मुलाखतीला ते बिनदिक्कत चालतं. पंखा आवाज करतो, माइक जवळ ठेवू नका. बॅटऱ्या झपाझप संपतात, आम्ही व्ही-माउंटच्या मोठ्या बॅटरीवरून डी-टॅप केबलनं वीज देतो. तशी वीज देत असाल तर हे मात्र पाठच करा: आधी कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हींची वीज जोडायची, बीएनसी सगळ्यात शेवटी. काढताना बीएनसी आधी, मग वीज. उलटं केलं तर करंट बीएनसीच्या केबलमधून वाट काढतो आणि कॅमेऱ्याचं एसडीआय पोर्ट जळू शकतं. ते बोर्डावरचं काम असतं, स्वस्तात होत नाही.

आणखी एक, खरं तर हे आधीच लिहायला हवं होतं. कॅमेरा बदलायची ऐपत असेल तर २०२२ चा सोनी एफएक्स३० कार्डावरच दहा बिट ४:२:२ लिहितो, त्याला आभाळासाठी बाहेरचा डबा लागत नाही. पण एफएस५ मधला तो फिरवून कमीजास्त होणारा एनडी (आत येणारा उजेड कमी करणारा फिल्टर) त्यात नाही, आणि पहाट ते ऊन असा एकच लांब शॉट घ्यायचा असेल तर त्या एनडीशिवाय माझं पान हलत नाही.

दाजी माझी उत्तरं वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी: वहीत इन्फर्नोपुढं "पडून" असं लिहिलंय तुम्ही. परवा उदगीरची मुलं भाड्यानं घेऊन गेली, पैसे ताईकडे दिलेत. ते खोडा आता.