किट नको, आधी परसात जा

वहिनी, पोरांसाठी विज्ञानाच्या प्रयोगांचं महागडं किट मागवायची घाई करू नका. परसातल्या लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात चुरा, जांभळट पाणी निघेल. एका वाटीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. एक लालभडक, दुसरी हिरवी. मग पोरं ताक, साबण, सापडेल ते ओतत सुटतात. ओतू द्या.

अंड्याचा खेळ मात्र कराच. समुद्राच्या पाण्यात ताजं अंडं तरंगणार, यावर पोरं पैज लावतात. ते बुडतं! लिटरमागे मीठ जेमतेम ३५ ग्रॅम. त्यात आणखी ८०-१०० ग्रॅम ढवळलं की हळूच वर येतं. उत्तर आधी फोडू नका, पैज लागू द्या.