पिल्लू घरी येण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. पुढच्या आठवड्यात दोन महिन्यांचं देशी पिल्लू दत्तक घेतोय. दुकानदाराने वीस-बावीस वस्तूंची यादी हातात दिली आहे. यातलं खरंच काय लागतं?

उत्तर : त्या यादीतली निम्मी खरेदी पुढे ढकला आणि ते पैसे लसी, जंताचं औषध आणि चांगलं खाणं यांसाठी ठेवा. गादीचा पलंग, कपडे, अत्तर यांतलं काहीही पिल्लाला नको असतं. जुन्या सुती चादरीची चार पदरी घडी किंवा गोधडी उत्तम. ती रोज धुता येते आणि पिल्लाने फाडली तरी हळहळ वाटत नाही. मात्र फोम किंवा कापूस बाहेर आलेली उशी देऊ नका. पिल्लं कापूस गिळतात, तो आतड्यात अडकतो आणि मग शस्त्रक्रिया करावी लागते.

पिंजरा मात्र जरूर घ्या. शिक्षा म्हणून नाही, झोपायची हक्काची जागा म्हणून. देशी कुत्रं मोठेपणी साधारण १५ ते २० किलोंचं होतं, त्याला ३६ इंच लांबीचा पिंजरा पुरतो. घेताना मधे सरकवायची जाळी मिळते ना, ते पाहा. पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा मोकळी ठेवायची. जागा जास्त झाली की ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं, मग सवय लागायला उशीर होतो. पहिले काही दिवस पिंजरा रात्री तुमच्याच खोलीत ठेवा. आई-भावंडांपासून तुटलेलं पिल्लू एकटं ठेवलं की रात्रभर रडतं.

भांडी स्टीलची, तळाला रबर असलेली, दोन. प्लॅस्टिकची भांडी कुरतडली जातात आणि चरांमध्ये घाण साठते. गळ्याचा पट्टा साधा, नायलॉनचा, दीड सेंटिमीटर रुंद. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हे दर आठवड्याला तपासा, मान भराभर वाढते. पिंजऱ्यात ठेवताना पट्टा काढायचा, बक्कल जाळीत अडकून गळफास बसू शकतो. चालवायला दीड मीटरची दोरी आणि छातीचा पट्टा. लोखंडी साखळी नको.

यादीत नसलेली, पण सर्वांत गरजेची गोष्ट म्हणजे फरशीचा बंदोबस्त. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात आणि वाढत्या सांध्यांवर ताण येतो. त्याच्या वावरायच्या जागेत रबराचे मॅट किंवा जुन्या सतरंज्या अंथरा. बाल्कनीच्या गजांतून डोकं जात असेल तर अंगही जातं, तिथे जाळी बांधा. जमिनीलगतच्या वायरी, डासांच्या मशीनचं द्रव, उंदरांचं औषध, क्रोसिनची पाकिटं वर उचला. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण आणि शुगर-फ्री च्युइंगम हेही कुत्र्यांना विषारी आहे.

शू-शीसाठी बाथरूम किंवा बाल्कनीतली एकच जागा ठरवून तिथे वर्तमानपत्र पसरा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि एरवी दिवसा दर दोन तासांनी तिथे न्या. भलतीकडे शू झाली तर टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने पुसा आणि वर एन्झाइमचा (लघवीचा वास मोडणारा) क्लीनर फवारा. अमोनियाचा क्लीनर वापरू नका, त्याचा वास लघवीसारखाच येतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच जातं. फिनेलही टाळा. पिल्लू पंजे चाटतं, ते पोटात जातं.

प्रश्न : आणल्यापासून पिल्लाला दूध-पोळी देतोय. आवडीने खातं, पण जुलाब होतात.

उत्तर : दूध बंद करा. आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते, ती साखर न पचता आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब होतात. पोळीने पोट भरतं, पण वाढीला लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम त्यातून पुरेसं मिळत नाही. पिल्लांसाठीचं कोरडं खाणं आणा. साडेतीन किलोंच्या पिल्लाला दिवसभरात साधारण १२० ते १५० ग्रॅम लागतं. नेमका आकडा पाकिटावरच्या तक्त्यात बघा. त्याचे चार भाग करा, कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवा आणि २० मिनिटांत संपलं नाही तर उचलून ठेवा. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. एरवी खाणं बदलताना आठवडाभर जुन्यात नवं वाढवत न्यायचं असतं, फक्त दूध त्याला अपवाद.

घरचं द्यायचं तर नुसता चिकन-भात चालत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे हाडं मऊ होऊन पाय वाकतात. प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पावसाळ्यात खाण्याला बुरशी धरते. एक-दोन किलोंचंच पाकीट आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि जुलाबासोबत उलट्या, रक्त किंवा मरगळ दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पार्व्हो या आतड्याच्या विषाणूजन्य आजारात पिल्लू दोन दिवसांत हातचं जाऊ शकतं.

प्रश्न : चपला, टेबलाचे पाय, सगळं कुरतडतं. कोणती खेळणी आणावीत?

उत्तर : साडेतीन ते सात महिन्यांच्या काळात दुधाचे दात पडून नवे येतात, हिरड्या शिवशिवतात. रबराची दोन पोकळ खेळणी पुरेत. नखाने दाबल्यावर किंचित दबलं पाहिजे. दगडासारखं कडक असेल तर दात तुटतो. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीझरमध्ये गार करून दिलं तरी आराम पडतो. जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी आणि नवी यांतला फरक त्याला कळत नाही. चिकनची शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या सुया होतात.

प्रश्न : पहिली लस झाली. आता खाली बागेत नेऊ का?

उत्तर : जमिनीवर नको, कडेवर घेऊन जरूर न्या. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीलाही निष्प्रभ करते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि पार्व्हो यांची लस सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. शेवटच्या डोसानंतर दोन आठवड्यांनी खाली सोडा. तोवर कडेवरून रिक्षा, कुकरची शिट्टी, लहान मुलं, ढोल-ताशे लांबून दाखवा-ऐकवा. तीन महिन्यांच्या आत ओळख झालेल्या गोष्टींची भीती सहसा राहत नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या जिवाणूंच्या आजाराच्या लसीबद्दलही विचारा, पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून तो पसरतो.

प्रश्न : खेळताना पिल्लाचे दात नातवाच्या हाताला लागले, थोडं रक्त आलं. पिल्लू लहान आहे, काळजीचं काही आहे का?

उत्तर : आहे. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर दिली जाते, म्हणजे तुमच्या पिल्लाला ती अजून मिळालेली नसणार. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, माणसांसाठीची रेबीजची लस सरकारी रुग्णालयांतही मिळते. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचंच, पण त्यासाठी नातवाची लस लांबवायची नाही. दहा दिवसांनी पिल्लू ठणठणीत असेल, तर उरलेल्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.