शाहू स्टेडियम बंद असताना

भावा, कोल्हापूरच्या फुटबॉलचा पहिलाच हंगाम बघितलास आणि आता पावसाळ्यात शाहू स्टेडियमला कुलूप बघून जीव कासावीस होतोय, होय ना? आम्हा सगळ्यांचं असंच झालंय.

पेठेत पाऊस उघडला की पोरं चिखलात खेळतात, तिथं जाऊन उभा राहा. चिखलात चेंडू मध्येच रुततो, पुढं सरकतच नाही. मग कोण आधी मान वर करून साथीदार हेरतो आणि कोण नुसता पाय मारतो, ते लगेच कळतं. चेंडू सोडून एकाच बचावपटूवर दहा मिनिटं नजर ठेव. खेळ बघायला मी असाच शिकलो.

डुरंड कप सोडू नकोस. 1888 साली सिमल्यात सुरू झालेली ही स्पर्धा आता ऐन पावसाळ्यातच असते. ब्राझीलची लीगही तेव्हा चालू असते, पण सामने आपल्याकडं पहाटे. पेठेत पिवळे झेंडे लावणाऱ्यांनी तरी उठायलाच हवं!

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात मोलाचं. तालमीच्या कट्ट्यावर एखाद्या जुन्या खेळाडूशेजारी चहा घेऊन बस. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालीम संघांच्या जुन्या लढतींबद्दल विचार. मध्ये बोलू नकोस, घाई करू नकोस. घरी आलास की वहीत उतरवून ठेव. ही माणसं आहेत तोवरच हे ऐकायला मिळणार.

समोरच्या पेठेच्या पोरांशी मोबाईलवर भांडण मात्र काढू नकोस. डिसेंबरात त्यांच्याच शेजारी गॅलरीत बसायचंय.