कल्चर डिशमध्ये रक्तवाहिन्या नसतात, मग एचसीजी हे संप्रेरक दिल्यावर अंडाशयातल्या ग्रॅन्युलोसा पेशींमध्ये व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) जनुकाची अभिव्यक्ती का वाढते?

कारण या पेशी स्वतः रक्तवाहिन्या बनवत नाहीत, फक्त त्यांना सांगावा धाडतात. आणि तो ऐकायला कोणी असो वा नसो, एचसीजी मिळालं की धाडतातच. अंडाशयातल्या पुटिकेत (अंडं असलेल्या पिशवीत) ग्रॅन्युलोसाचा थर अंडोत्सर्गापर्यंत रक्तवाहिन्यांविना असतो. एलएच या अंडोत्सर्ग घडवणाऱ्या संप्रेरकाची लाट आल्यावर त्याचं पीतपिंड (संप्रेरकं बनवणारी तात्पुरती ग्रंथी) होतं आणि त्याला भरपूर रक्तपुरवठा लागतो. एचसीजी एलएचच्याच रिसेप्टरला चिकटतं, पेशीत सीएएमपी (आतला निरोप्या रेणू) वाढतं, व्हीईजीएफचा एमआरएनए (जनुकाची नक्कल) वाढतो. यात एचआयएफ-१ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाचाही हात असतो. शरीरात व्हीईजीएफ प्रथिन शेजारच्या थीका थरातल्या एंडोथेलियल (रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या) पेशींना आत खेचतं, डिशमध्ये ते नुसतं माध्यमात (पेशींभोवतीच्या पोषक द्रवात) साचतं. (आयव्हीएफमध्ये कधीकधी होणाऱ्या ओएचएसएसमागेही, म्हणजे अंडाशयांच्या अतिउत्तेजनाच्या विकारामागेही, हेच व्हीईजीएफ असतं.)

एक मात्र बघा: पेशी आयव्हीएफच्या रुग्णांकडून घेतल्या असतील आणि ट्रिगर (अंडी पक्व करणारं इंजेक्शन) एचसीजीचा असेल, तर अंडी काढण्याआधी ३४–३६ तास त्यांना एचसीजी मिळालेलंच असतं. त्यामुळे तुमचा ‘एचसीजी न दिलेला’ कंट्रोल (तुलनेचा नमुना) खरा कोरा नसतो आणि वाढ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. शिवाय क्यूपीसीआरने एमआरएनए मोजण्यावर थांबू नका, माध्यमातलं प्रथिन एलायझा चाचणीने मोजा.