शिह त्झू की मिनिएचर पूडल? कोथरूडच्या फ्लॅटपुरतं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर २ बीएचके, तुम्ही दोघं नोकरीला, घरी सत्तरीचे आजोबा आणि ९ वर्षांची मुलगी. मिस्टरांना शिंकांचा त्रास, म्हणून केस न गळणारा कुत्रा हवा. शिह त्झू घ्यावा की मिनिएचर पूडल?

आधी शिंकांचं बघा, कारण तिथेच गाडी अडली तर बाकी चर्चा फुकट. कुत्र्याची ॲलर्जी केसाची नसते. ती त्याच्या लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या आणि लघवीतल्या प्रथिनांची असते, आणि ती प्रथिनं पूडलच्या अंगातही तयार होतात. ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जी न देणारा, हा शब्द पिल्लू विकणाऱ्यांचा आहे, डॉक्टरांचा नाही. ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करा, आणि शक्य असेल तर प्रथिनानुसार वेगळी करा. ‘कॅन एफ ५’ हे प्रथिन नराच्या प्रोस्टेटमध्ये बनतं. फक्त त्याचीच ॲलर्जी निघाली तर मादी घेऊन भागू शकतं. शिवाय ज्यांच्याकडे हीच जात आहे अशा घरी दोन-तीन वेळा जाऊन तासभर बसा. मिस्टरांना कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवू द्या, कंगवा करू द्या. दमा असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पिल्लू बघायलासुद्धा जाऊ नका. बघितलं की घेतलं जातंच.

आता केस. या दोन्ही जातींत केस बराच काळ वाढत राहतो, आणि सुटलेला केस फरशीवर न पडता शेजारच्या केसांत अडकतो. म्हणजे झाडूचं काम कमी झालं तरी कंगव्याचं वाढतं. दोन दिवस हात फिरला नाही की कानामागे, काखेत, जांघेत आणि पट्ट्याखाली जटा धरतात. वरवर ब्रश फिरवणं ही सगळ्यांची चूक. वरचा थर मऊ दिसतो आणि खाली कातडीला चिकटून नमदा तयार होतो, मग ग्रूमरकडे सगळं भादरण्यावाचून इलाज उरत नाही.

पद्धत अशी: एका हाताने केस वर उचलून धरा, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. तिथून स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) एकेक पातळ थर खाली सोडत या, आणि शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडखळता जातो का ते बघा. अडखळला तर तिथे जट आहे. ती बोटांनी सोडवा, कात्री लावू नका; जटेबरोबर कातडी ओढली जाते आणि कापली जाते. रोज १०-१५ मिनिटं. अंघोळ नेहमी विंचरल्यानंतर, कारण पाण्याने जट आवळते. पावसाळ्यात पंजे आणि काखा ड्रायरने कोमट हवेवर पूर्ण कोरड्या करा, नाहीतर ओल धरून खाज सुरू होते. साधारण ९-१२ महिन्यांचं असताना पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येतात. तेव्हाचे दोन-तीन महिने सगळ्यात वाईट. त्या काळात केस आखूड ठेवले तर कोणी हसणार नाही. पुढे दर ४-६ आठवड्यांनी कापणी, दोघांनाही. उन्हाळ्यात मात्र कातडीपर्यंत गोटा करू नका, ऊन थेट लागतं.

इथपर्यंत दोघं सारखेच. फरक पुढे.

शिह त्झूचं नाक चपटं. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि आखूड नाकाला ते नीट जमत नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ३८-४० ला गेला की त्याचं फिरणं सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच. जीभ जांभळट, लाळ घट्ट आणि चाल लडखडती झाली तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तडक दवाखाना, बर्फ नको. त्याचे डोळे बाहेर आलेले असतात, त्यामुळे पटकन खरचटतात. एक डोळा मिटून बसलाय असं दिसलं तर ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी दाखवा. कॉर्नियावर जखम असेल तर एका रात्रीत बिघडते. विमानप्रवास होत असेल तर हेही कळू द्या की चपट्या नाकाचे कुत्रे बऱ्याच कंपन्या घेत नाहीत. शी-शू शिकायलाही हा जरा हट्टी. पण दिवसभर आजोबांच्या खुर्चीखाली पडून राहणं आणि सोसायटीच्या आवारात अर्धा तास चालणं, एवढ्यात तो खूश.

पूडल हा मुळात पाण्यातून शिकार आणणारा कुत्रा. मिनिएचरचं वजन ५-७ किलो असलं तरी डोकं मोठ्याचंच. त्याला रोज तासभर पळापळ आणि वर शिकायला काहीतरी हवं. ते मिळालं नाही तर तो लिफ्टच्या प्रत्येक आवाजाला भुंकतो, आणि तक्रार समोरच्या फ्लॅटमधून येते. कानाच्या नळीत केस उगवतात, ओल धरते; आठवड्याला कान हुंगून बघा, आंबूस वास आला तर पशुवैद्य. गुडघ्याची वाटी सरकणं छोट्या पूडलमध्ये नेहमीचं, म्हणून गुळगुळीत फरशीवर गालिचा टाका. टेकडीवर न्यायचा विचार असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुसळी गवतापासून लांब. कुरळ्या केसात कुसळ अडकलं की दिसत नाही, आणि पंजाच्या बोटांमधून आत शिरत जातं.

तुमच्या घरी दिवसा फक्त आजोबा आहेत, तुम्ही दोघं रात्रीच मोकळे. माझं मत शिह त्झूकडे, मादी. पण एका अटीवर: पिल्लाच्या नाकपुड्या उघड्या हव्यात. चिरेसारख्या बंद असतील आणि झोपेत घोरघोर येत असेल तर कितीही गोड असलं तरी परत फिरा. तुमच्यापैकी एकजण सकाळचा एक तास नक्की देणार असेल, आणि मुलीला कुत्र्याला शिकवायची हौस असेल, तर मात्र बेलाशक पूडल. ‘टीकप’ नावाचा पूडल कोणी दाखवला तर तो आकार मान्यताप्राप्त नाही, आणि ‘शिहपू’ (शिह त्झू आणि पूडलचा संकर) गळणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

ब्रीडरची २०१७ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का ते विचारा. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आई समोर बघा, पूडल असेल तर आई-बाबांची डोळ्यांच्या पीआरए आजाराची जनुकीय तपासणी मागा. लसींत लेप्टोस्पायरा वगळू नका, आपल्याकडे पावसाळा आहे. रेबीजची लस झाली की ते प्रमाणपत्र लावून महापालिकेचा परवाना काढा, आणि दरवर्षी नवा करून घ्या.