बेथलेहेम फक्त येशूच्या जन्मामुळेच महत्त्वाचं आहे का?

नाही, येशूच्या कितीतरी आधीपासून. बेथलेहेम म्हणजे जेरुसलेमच्या दक्षिणेला ८-१० किलोमीटरवर, यहूदियाच्या डोंगररांगेत साधारण ७७५ मीटर उंचीवर वसलेलं गाव. हिब्रूत नावाचा अर्थ भाकरीचं घर, आणि बायबलमधली रूथची गोष्ट वाचली की ते नाव एकदम पटतं, कारण ती परक्या देशातली विधवा सून इथल्याच शेतात कापणीनंतर पडलेली कणसं वेचायची, मग त्या शेताचा मालक बवाज याच्याशी तिचं लग्न झालं आणि तिचा पणतू म्हणजे दावीद राजा. शमुवेल या संदेष्ट्याने दावीदला राजा म्हणून अभिषेक केला तोही इथेच. ज्यूंचा पूर्वज याकोब याची बायको राहेल, तिची कबरही इथलीच मानतात, त्यामुळे ज्यू लोकांसाठी ही जागा फार जवळची आहे.

मशीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, बेथलेहेममधून येईल असं मीखा या संदेष्ट्याने म्हटलेलं, आणि येशूचं चरित्र लिहिणारे मत्तय आणि लूक दोघंही त्याचा जन्म इथलाच सांगतात. जन्माची मानली जाते त्या गुहेवर सम्राट कॉन्स्टंटाईनने चर्च बांधायला घेतलं, ३३९ साली ते पूर्ण झालं, नंतर जळालं आणि ६व्या शतकात जस्टिनियनच्या काळात परत उभं राहिलं, तेच आज दिसतं. दरवाजा जेमतेम सव्वा मीटर उंच, कोणीही असो वाकूनच आत जावं लागतं, मला ही गोष्ट खूप भावते. खाली गुहेत संगमरवरी फरशीत १४ टोकांची चांदीची चांदणी बसवलीय, लोक गुडघे टेकून तिला हात लावतात.

आणि नाताळ इथे तीनदा असतो बरं का, कॅथलिकांचा २५ डिसेंबर, ऑर्थोडॉक्स पंथाच्या ख्रिश्चनांचा ७ जानेवारी, आर्मेनियन लोकांचा १९ जानेवारी.